पैसे नकोत, असं विद्यापीठ कधी म्हणतं?

कृष्णाकाठ

मी एका अनुदानित महाविद्यालयात इतिहास शिकवते. गावाचं आणि संस्थेचं नाव इथे लिहीत नाही. मागच्या हिवाळ्यात आमच्या विभागानं तीन व्याख्यानांची मालिका ठरवली होती. पत्रिका छापून झाल्या होत्या, पाहुण्यांच्या राहण्याची सोय झाली होती. आदल्या संध्याकाळी प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, "वरून फोन आलाय, दुसरं व्याख्यान नको." फोन कुणाचा, कारण काय, लेखी काही आहे का, एकाही प्रश्नाला उत्तर मिळालं नाही. व्याख्यान रद्द झालं. वक्त्यांना मी 'सभागृह उपलब्ध नाही' असं कळवलं. ते खोटं होतं आणि माझ्या हातानं लिहिलेलं होतं. अजून सलतं.

त्यानंतर काही दिवसांनी देवदत्त रामकृष्ण भांडारकरांविषयी वाचत होते. रामकृष्णपंतांचे हे चिरंजीव १९१७ साली कलकत्ता विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहासाचे कारमायकेल प्राध्यापक झाले. पुण्यामुंबईचा माणूस कलकत्त्याला कसा गेला, हे शोधताना आशुतोष मुखर्जींपाशी पोचले आणि तिथेच अडकले. आपल्याकडे त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही, म्हणून हा धागा.

आशुतोषबाबू मूळचे गणिती. पुढे कलकत्ता हायकोर्टाचे न्यायाधीश झाले आणि ते काम सांभाळून १९०६ ते १९१४ सलग चार वेळा कुलगुरू राहिले. १९२१ मध्ये पाचव्यांदा. त्यांच्या हाती आलेलं विद्यापीठ लॉर्ड कर्झनच्या १९०४ च्या कायद्यानं बांधलेलं होतं. सिनेटवर जास्तीत जास्त शंभर सदस्य, त्यात निवडून आलेले फक्त वीस, बाकी बहुतेक कुलपतींनी नेमलेले. याच विधेयकाविरुद्ध आपले गोपाळ कृष्ण गोखले व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात जीव तोडून बोलले होते. विधेयक मंजूर झालंच. आशुतोषबाबूंनी त्याच चौकटीत राहून, परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठाचं शिकवणारं आणि संशोधन करणारं विद्यापीठ केलं. तारकनाथ पालित आणि रासबिहारी घोष या दोन वकिलांनी लाखोंच्या देणग्या दिल्या आणि १९१४ मध्ये विज्ञान महाविद्यालयाची पायाभरणी झाली. सी. व्ही. रामन सरकारी हिशेब खात्यातली नोकरी सोडून पालित प्राध्यापक झाले. मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस तिथेच तरुण अध्यापक होते. मराठी वाचकांसाठी आणखी एक : सभासद बखरीचं इंग्रजी भाषांतर करणारे सुरेंद्रनाथ सेन याच विद्यापीठात मराठ्यांचा इतिहास शिकवत होते, आणि ते भाषांतर विद्यापीठानंच छापलं.

सरकारशी खटके आधीपासून उडत होते. १९१३ मध्ये विद्यापीठानं नेमलेल्या तीन व्याख्यात्यांना, अब्दुल रसूल, अब्दुल्ला सुऱ्हावर्दी आणि काशीप्रसाद जयस्वाल यांना, भारत सरकारनं मान्यता नाकारली. कारण राजकीय. त्यांच्या विद्वत्तेबद्दल तक्रार नव्हती.

खरी कसोटी १९२२ मध्ये लागली. पदव्युत्तर विभागांच्या विस्तारामुळे विद्यापीठ तुटीत होतं. बंगाल सरकारनं अडीच लाख रुपये देऊ केले, पण अटी घालून. डिसेंबरात सिनेटची सभा भरली. आशुतोषबाबू जे बोलले त्याचा मथितार्थ असा : तुम्ही एका हातानं मला गुलामी देता आणि दुसऱ्या हातानं पैसा. हा पैसा मी घेणार नाही. आम्ही खर्च कमी करू, असेल त्यात भागवू, बंगालभर दारोदार जाऊ. आमचे अध्यापक उपाशी राहतील, पण स्वातंत्र्य सोडणार नाहीत. शेवटी ते म्हणाले, "आधी स्वातंत्र्य, नंतरही स्वातंत्र्य, सदैव स्वातंत्र्य. दुसऱ्या कशानंही माझं समाधान होणार नाही."

मार्च १९२३ मध्ये त्यांची मुदत संपत आली. राज्यपाल लॉर्ड लिटन आता कुलपतीही होते. त्यांनी पत्र लिहिलं : विरोध सोडून सरकारला मनापासून सहकार्य करणार असाल, तर पुन्हा नेमतो. दोनच दिवसांत उत्तर गेलं. तुम्हाला हुकूम पाळणारा आणि सिनेटवर हेरगिरी करणारा कुलगुरू मिळणं अशक्य नाही, असं त्यात आशुतोषबाबूंनी स्पष्ट लिहिलं आहे. "तुम्ही देऊ केलेलं हे अपमानास्पद पद मी नाकारतो," असा त्याचा शेवट. पुढच्या वर्षी, मे १९२४ मध्ये, एका खटल्यासाठी पाटण्याला गेले असताना ते वारले. साठी पुरी व्हायला महिनाभर बाकी होता.

मला यात राहून राहून एकच गोष्ट दिसते. सगळं कागदावर आहे. अट कागदावर, नकार कागदावर, सिनेटमधलं भाषण इतिवृत्तात. म्हणून शंभर वर्षांनी मी ते वाचू शकते. आमच्याकडच्या त्या फोनचा मागमूसही नाही. जिथे कुणालाच सही करावी लागत नाही, तिथे नाकारायचं तरी काय आणि कुणाला? तुम्हाला काय वाटतं?

अबोली

ताई, सुंदर लिहिलंत. भांडारकरांचा दुवा माहीत नव्हता. पण त्या अटी नेमक्या काय होत्या? 'गुलामी' म्हणण्याइतक्या वाईट होत्या का?

कृष्णाकाठ

अबोली, वाचायला त्या अगदी साध्या वाटतात, आणि तिथेच गोम आहे. आर्थिक घडी बसेपर्यंत खर्च वाढवणाऱ्या नव्या योजना घ्यायच्या नाहीत, जमाखर्चाची पत्रकं सरकारला वेळच्या वेळी पाठवायची, अशा स्वरूपाच्या. पण नवी योजना म्हणजे काय? नवा विषय, नवं अध्यासन, नवा अध्यापक. ते थांबवलं की काय शिकवायचं हे सरकार ठरवतं. अभ्यासक्रमाबद्दल चकार शब्द काढावा लागत नाही.

जुना_लेखापाल

माझी सगळी नोकरी लेखापरीक्षणात गेली, त्यात विद्यापीठांचे हिशेब वर्षानुवर्षं तपासले. त्यामुळे माझं मत तुम्हा सगळ्यांपेक्षा वेगळं पडेल. रागावू नका.

पहिली गोष्ट. जनतेचा पैसा घेणाऱ्यानं जनतेला हिशेब दिलाच पाहिजे. पत्रकं मागणं ही गुलामी होत नाही. 'स्वायत्तता' या शब्दाच्या आडोशानं काय काय चालतं, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. परीक्षा विभागाच्या आगाऊ उचली पाच-पाच वर्षं समायोजित होत नाहीत. बांधकामाची बिलं मोजमाप पुस्तिकेशी जुळत नाहीत. विचारलं की उत्तर मिळतं, 'शैक्षणिक बाबींत ढवळाढवळ करू नका.'

दुसरी गोष्ट. १९१९ च्या सुधारणांनंतर प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आली होती आणि शिक्षण हे सोपीव खातं झालं होतं. म्हणजे कलकत्त्यात अटी घालणारं खातं भारतीय मंत्र्याकडे, प्रभासचंद्र मित्रांकडे, होतं, आणि ते मंत्री विधान परिषदेला जबाबदार होते. मतदार मूठभर असतील, पण निवडून आलेल्यांना प्रश्न विचारायचा हक्क होता की नव्हता?

आणि तिसरी. आशुतोषबाबूंचे टीकाकार साहेबधार्जिणे नव्हते. आपण ज्यांना शिवचरित्रकार आणि रियासतकार सरदेसायांचे मित्र म्हणून ओळखतो ते जदुनाथ सरकार या विद्यापीठाच्या कारभारावर कडक टीका करत होते. घसरलेला परीक्षेचा दर्जा, उधळपट्टी, एका माणसाच्या मर्जीवर चालणारा कारभार, असे त्यांचे आक्षेप होते. पुढे १९२६ मध्ये तेच कुलगुरू झाले. त्यांनाही सरकारचे हस्तक म्हणणार का?

रानवारा

लेखापाल काकांचा तिसरा मुद्दा विचार करण्यासारखा आहे. चांगल्या माणसानं आपल्या कारभारावरचा प्रश्न टाळण्यासाठी स्वातंत्र्याची ढाल पुढे करणं, हे होऊ शकतं.

कृष्णाकाठ

काका, रागावण्याचा प्रश्नच नाही, मूळ लेखात हे यायला हवं होतं. जदुनाथांना मी हस्तक म्हणणार नाही. त्यांची टीका दुसऱ्या विद्वानाची होती, उघड छापलेली होती आणि तिला उघड उत्तर देता येत होतं. विद्यापीठाला अशी टीका हवीच.

पण लिटनसाहेबांच्या पत्रात हिशेबावर भर नाही, हे बघा. त्यांची तक्रार आशुतोषबाबूंच्या वागण्याबद्दल आहे. सरकारच्या विद्यापीठ विधेयकाविरुद्ध त्यांनी भारत सरकारकडे, आसाम सरकारकडे, कलकत्ता विद्यापीठ आयोगाचे अध्यक्ष राहिलेल्या सर मायकेल सॅडलरांकडे दाद मागितली, वर्तमानपत्रांतून विरोध उभा केला, ही त्यांची नाराजी. म्हणजे आधी पत्रकं मागितली आणि चारच महिन्यांत तोंड बंद ठेवण्याची हमी मागितली. हिशेब तपासणाऱ्याला कुलगुरूंचं मत बदलून काय करायचंय? तुम्ही इतकी वर्षं तपासणी केलीत. कधी कुणाकडून 'यापुढे आमच्याविरुद्ध बोलणार नाही' असं लिहून घेतलंत का?

जुना_लेखापाल

नाही. तसं कधी केलं नाही, आणि कुणी करायला सांगितलं असतं तर केलं नसतं. हा फरक मला मान्य आहे. ज्या अटीचं पालन व्हाउचर बघून तपासता येतं, ती हिशेबाची अट. ज्या अटीसाठी माणसाच्या मनात डोकावावं लागतं, ती वेगळी जात. पहिलीला विरोध करणाऱ्याच्या बाजूनं मी आजही उभा राहणार नाही.

चार्ल्सकाठ

मी बॉस्टनमध्ये एका रुग्णालयाशी जोडलेल्या प्रयोगशाळेत काम करतो, हार्वर्डमध्ये नाही. पण २०२५ चा वसंत इथल्या प्रत्येक मजल्यावर सारखाच गेला. सकाळी येऊन आधी ईमेल बघायचं, कुणाचं अनुदान थांबलं ते कळायचं, मग प्रयोग सुरू करायचा की नाही ते ठरवायचं.

काकांच्या 'दोन जातीं'मध्ये हार्वर्डला आलेलं पत्र चपखल बसतं, म्हणून लिहितो. ७ मार्चला सरकारनं कोलंबिया विद्यापीठाचं ४० कोटी डॉलरचं अनुदान रद्द केलं. दोन आठवड्यांत कोलंबियानं बहुतेक मागण्या मान्य केल्या आणि जुलैमध्ये २० कोटी डॉलर भरण्याचा समझोताही केला. हार्वर्डला ११ एप्रिलला पाच पानी पत्र आलं. कारण सांगितलं होतं ज्यू विद्यार्थ्यांच्या सुरक्षेचं, आणि ती तक्रार खोटी नव्हती, विद्यापीठानंही ती मान्य केली होती. पण मागण्या? विद्यार्थी, प्राध्यापक, कर्मचारी यांच्या मतांत पुरेशी विविधता आहे का, याची बाहेरच्या माणसाकडून विभागवार तपासणी. 'अमेरिकी मूल्यांना विरोधी' परदेशी विद्यार्थ्यांना प्रवेशाच्या वेळीच बाजूला काढणं. ज्या प्राध्यापकांचा कल चळवळीकडे आहे त्यांचे अधिकार कमी करणं. ही सगळी मनात डोकावणारी जात.

१४ एप्रिलला अध्यक्ष ॲलन गार्बर यांनी जाहीर पत्र लिहिलं. सत्तेवर कोणताही पक्ष असो, खाजगी विद्यापीठानं काय शिकवावं, कुणाला प्रवेश द्यावा, कुणाला नेमावं आणि कशाचा अभ्यास करावा हे सरकारनं ठरवू नये, असं त्यांनी लिहिलं. त्याच संध्याकाळी २.२ अब्ज डॉलरची अनुदानं गोठली. आठवड्याभरात हार्वर्ड कोर्टात गेलं. मे महिन्यात परदेशी विद्यार्थी घेण्याचा परवानाच काढून घेतला. तिथे साधारण ६,८०० परदेशी विद्यार्थी होते, त्यांत आपली शेकडो मुलं. माझ्या ओळखीच्या एका पुण्याच्या मुलीनं त्या रात्री आईला फोन केला नाही, कारण काय सांगायचं तेच तिला कळत नव्हतं. दुसऱ्याच दिवशी न्यायाधीश ॲलिसन बरोज यांनी त्या आदेशाला स्थगिती दिली. ३ सप्टेंबरला त्यांनीच अनुदानं गोठवणं बेकायदा आणि घटनेच्या पहिल्या दुरुस्तीचा, म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा, भंग करणारं ठरवलं. सरकार अपिलात गेलं.

कृष्णाकाठ, तुमचा कागदाचा मुद्दा इथे तंतोतंत लागू पडतो. ते पाच पानी पत्र नसतं तर कोर्टापुढे ठेवायला काय होतं? आणि एक गोष्ट सुटू नये. हार्वर्डच्या आधी तिथले प्राध्यापक कोर्टात गेले होते. प्राध्यापकांच्या संघटनेनं ११ एप्रिललाच दावा दाखल केला होता, आणि त्याआधी शेकडो अध्यापकांनी सह्या करून विद्यापीठाला 'झुकू नका' असं कळवलं होतं. गार्बर एकटे उभे राहिले नाहीत, त्यांच्या पाठीशी आधीच माणसं येऊन थांबली होती.

शेवंती

हे सगळं वाचून ऊर भरून येतो. पण हार्वर्डकडे पन्नास अब्ज डॉलरहून जास्त निधी आहे. आशुतोषबाबू स्वतः हायकोर्टाचे न्यायाधीश, त्यांच्या घरची चूल कुलगुरूपदावर पेटत नव्हती. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात निम्मे अध्यापक तासिका तत्त्वावर आहेत. जूनमध्ये बोलावतील की नाही ते माहीत नाही. तासाला मिळतील तेवढे पैसे, सुट्टीचे काहीच नाहीत. मीही त्यातलीच एक आहे. माझ्याकडून कुणाला शपथपत्र नको की काही नको. मी वर्गात काय बोलायचं नाही, हे माझं मीच ठरवून टाकते. फोनचीसुद्धा गरज पडत नाही.

आशुतोषबाबू म्हणाले की आमचे अध्यापक उपाशी राहतील. त्या अध्यापकांना कुणी विचारलं होतं का?

अबोली

शेवंती, तुझा शेवटचा प्रश्न फार लागला.

कृष्णाकाठ

मलाही. उत्तर नाही माझ्याकडे. मूळ लेखात ते वाक्य मी किती सहज लिहून गेले.

रानवारा

शेवंतीताई, मोठ्या निधीशिवाय उभं राहिल्याचं उदाहरण आपल्याच घरात आहे. अण्णासाहेब कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं ते सरकारी मान्यतेशिवाय. मुलींना मातृभाषेतून शिकवायचं होतं, अभ्यासक्रम आपण ठरवायचा होता, म्हणून मान्यतेसाठी थांबले नाहीत. पदव्यांची नावंही स्वतःची होती, गृहीतागमा आणि प्रदेयागमा. त्याची किंमत मुलींनी मोजली. त्या पदवीला सरकारदरबारी वजन नव्हतं. वैधानिक मान्यता मिळायला १९५१ उजाडलं. मधली बरीच वर्षं अण्णासाहेब गावोगाव, पुढे तर देशोदेशी, वर्गणीसाठी फिरले. १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाख दिले तेव्हा त्यांच्या मातोश्रींचं नाव विद्यापीठाला लागलं. देणगीदाराचीही अट असते. पण नाव लावणं आणि काय शिकवायचं ते सांगणं यात अंतर आहे.

तुर्कस्तानातलंही सांगतो. २०२१ मध्ये इस्तंबूलच्या बोआझिची विद्यापीठावर राष्ट्राध्यक्षांनी बाहेरून रेक्टर, म्हणजे कुलगुरू, नेमला. तिथले प्राध्यापक रोज दुपारी झगे घालून रेक्टरच्या इमारतीकडे पाठ करून उभे राहू लागले. पैसा लागत नाही त्याला.

शेवंती

पाठ करून उभं राहायलाही कायम नोकरी लागते, रानवारा. पण कर्व्यांचं पटलं. आणि ती किंमत मुलींनी मोजली हे तुम्ही लिहिलंत, ते बरं केलंत.

जुना_लेखापाल

शेवंतीताई, तुमचं दुखणं खरं आहे आणि ते हिशेबातूनच आलेलं आहे. जागा भरायच्या नाहीत, तासिकांवर भागवायचं, हा निर्णय काटकसर म्हणून कागदावर येतो. त्याचा परिणाम असा होतो की वर्गात बोलणाराच उरत नाही. मी कित्येक अहवालांत 'रिक्त पदांमुळे बचत' असा शेरा मारला आहे. बचत म्हणून.

एक मात्र सगळ्यांनी लक्षात घ्यावं, ही गोष्ट एका पक्षाची नाही. डिसेंबर २०२१ मध्ये आपल्या विधिमंडळानं विद्यापीठ कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मंजूर केलं. उच्च शिक्षणमंत्री प्र-कुलपती होणार होते, आणि राज्यपालांकडे कुलगुरूपदाची नावं सरकारमार्फत जाणार होती. तेव्हाच्या विरोधकांनी स्वायत्ततेच्या नावानं ओरड केली. पुढच्या वर्षी सरकार बदललं आणि नव्या सरकारनं ती दुरुस्ती मागे घेतली. म्हणून विद्यापीठं मोकळी झाली का? कुलपती राज्यपाल, आणि राज्यपाल केंद्रानं नेमलेले. दोरी या हातातून त्या हातात, एवढंच.

चार्ल्सकाठ

काका, १९२३ मध्येही कुलपती राज्यपालच होते. लिटन.

जुना_लेखापाल

हो. तेच वाचून मी रात्री बराच वेळ जागा होतो.

कृष्णाकाठ

चार दिवसांनी लिहितेय. परवा विभागाची बैठक होती. मागच्या बैठकीचं इतिवृत्त कायम करताना मी एक दुरुस्ती मांडली. 'अपरिहार्य कारणास्तव व्याख्यान रद्द' असं जिथे लिहिलं होतं, तिथे 'प्राचार्यांच्या तोंडी सूचनेवरून रद्द. लेखी आदेश प्राप्त नाही' असं लिहावं, एवढीच. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग आमच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ सरांनी विचारलं, "तारीख पण घालायची ना?" तारीख घातली. चौघांनी सह्या केल्या. एकानं केली नाही, आणि तो शेवंतीसारखाच तासिकेवर आहे, म्हणून त्याला मी काही म्हटलं नाही. त्यानं सही करावी अशी अपेक्षाही नव्हती.

वक्त्यांनाही काल पत्र लिहिलं. सभागृह उपलब्ध होतं, असं कळवलं.

काका, तासिकेवरच्या अध्यापकांची संख्या आणि रिक्त पदं महाविद्यालयाच्या कोणत्या पत्रकात एकत्र सापडतील? पुढच्या बैठकीत तो आकडा इतिवृत्तात घ्यायचा विचार आहे.

जुना_लेखापाल

मंजूर पदांची बिंदुनामावली, म्हणजे आरक्षणानुसार पदांची नोंदवही, आणि उच्च शिक्षण सहसंचालकांकडे जाणारं मासिक वेतन देयक शेजारी ठेवा. तासिकेवाल्यांचं मानधन वेगळ्या देयकात असतं, ते लेखनिकाकडे मागा. लेखी अर्ज करून मागा, पोच घ्या. आकडे आले की इथे टाका, जुळवून देतो.